दोन बोटं हवा

पाण्याला दिशा नसते, हे लोकांना पटत नाही.
नळ सोडला की येतं, म्हणजे त्याला यायचंच असतं
असं धरून चालतात सगळे.
ते येतं, कारण मागून कुणीतरी ढकलत असतं.
ढकलणारा हात सैल पडला
की पाणी माघारी वळतं,
आणि जाताना आपलं नसलेलंही उचलून नेतं,
भाडं थकवून रातोरात निघालेल्या बिऱ्हाडासारखं.

दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात,
गावचं धान्याचं कोठार पेटलं.
बंबवाल्यांनी तीन हायड्रंट एकदम उघडले.
मॅनिटोबातलं एवढंसं गाव, एकच टाकी;
उत्तरेच्या रस्त्यावरचे नळ उलटे श्वास घेऊ लागले.
नेमका तेव्हाच बियाण्यांच्या दुकानामागे
फवारणीच्या पिंपात एक पाइप बुडालेला होता.
साधा, बागेतला, हिरवा.
तोंड तणनाशकात, शेपूट नळाला.

आग विझली, दाब परतला.
साडेनऊला स्टेफा प्रोकोपचुकनं
बाळाची बाटली विसळायला घेतली
तर पाणी पिवळं.
पिवळं आलं म्हणून बरं.
बिनरंगाचं आलं असतं तर,
हे मी अजून कुणाला मोठ्यानं विचारलेलं नाही.

तेव्हापासून गेज घेऊन मी दारोदार फिरते.
तीन रबरी नळ्या, एक काटा, खिशात टॉर्च.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक म्हणतात.
मुरू दे.
मला फक्त ते कुठे फिरतंय ते बघायचंय.
डेंटिस्टची खुर्ची, गाड्या धुण्याची शेड,
शाळेची प्रयोगशाळा, बर्फाच्या मैदानाचा बॉयलर.
कुणी दार उघडताच कपाळाला आठ्या घालतं,
कुणी म्हणतं, ओरीसिया, गेल्या वर्षी तर चांगली होती!
गेल्या वर्षी मीही चांगली होते.
आता गुडघा वाकत नाही.

आज उणे एकतीस. यादीत शेवटचं नाव
बोदनारांचं अंत्यसंस्कारगृह.
तळघरात स्टीलचं टेबल, टेबलाशी नळ,
नळाला शोषनळी. तिच्यातून काय वाहतं
ते इथे लिहीत नाही.
तिच्या आणि गावाच्या किटलीच्या मध्ये
एक पितळी डबा, आत दोन झडपा,
आणि दोघींनी दगा दिलाच
तर पाणी जमिनीवर ओतून टाकणारी तिसरी.

टेबलावर चादरीखाली मेट्रो स्काव्हिन्स्की.
आमचा नगरसेवक. सभेत उठून म्हणाला होता,
"एका स्प्रिंगसाठी नव्वद डॉलर? दर वर्षी?"
हशा पिकला होता. मीही हसले होते थोडी,
तो बोलायचाच तसा.

काटा उतरू लागला.
दोन पौंडांना उघडायला हवी ती तिसरी झडप
दीडवर आला तरी गप्प.
"बंद करावं लागेल पाणी," मी म्हटलं.
बोदनारनं घड्याळ पाहिलं, मग चादरीकडे.
"त्याला घाई नाही. त्याच्या बायकोला आहे."

झाकण काढलं. रबराच्या ओठावर
वाळूचा एक कण.
तिळाएवढासुद्धा नाही.
नखानं काढला, रबर बदललं,
पुन्हा नळ्या जोडल्या, पुन्हा काटा.
दोन पूर्णांक सहा, आणि फरशीवर
पाण्याची एक पिचकारी. भिजले. इतकं बरं वाटलं.

डब्याला चिठ्ठी बांधली: तारीख, आकडे, सही.
मेट्रोच्या घोट्यालाही एक चिठ्ठी होती.
तिच्यावर सही बोदनारची.

वर स्वयंपाकघरात त्यानं चहा ठेवला.
मी बेसिनपाशी उभी, बूट ओले.
नळाचं तोंड आणि बेसिनची कड
यांच्यामध्ये दोन बोटं हवा.
तिला गंज लागत नाही,
तिला तपासायला मी लागत नाही.
कुठलीही घाण ही दरी उडी मारून ओलांडत नाही.
सगळीकडे एवढी जागा सोडली असती लोकांनी,
तर माझी गरज नव्हती.

पण पाइप लोकांना बुडवूनच ठेवायचा असतो.

बोदनारनं किटली नळाखाली धरली.
मी पाण्याच्या रंगाकडे बघत राहिले.
सवय.
मग साखर मागितली.